नवीन पार्ट आहे म्हणजे बसणारच, हे कोणी सांगितलं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं जुन्या स्पोर्ट्स कारवरचं पान वाचलं, फोटो झकास, रंगकामावर अर्धा कॉलम, सीटच्या चामड्यावर पाव कॉलम आणि इंजिनावर एकच ओळ, की पार्ट बाहेरून मागवले आणि इंजिन नव्यासारखं झालं. मी औंध आयटीआयचा फिटर, भोसरीत टूलरूममध्ये (कारखान्यात साचे आणि हत्यारं बनतात तो विभाग) 31 वर्षं काढली, त्यामुळे ती ओळ वाचून चहा गार झाला तरी मी पेपर हातात धरून बसलेलो, म्हणून हे पत्र.

आमच्या मित्राच्या पुतण्याकडे 1973 ची पोर्शे 911 आहे, 2.4 लिटर, सहा सिलिंडर आडवे, तीन डावीकडे तीन उजवीकडे, रेडिएटर नाही, पाणी नाही, पंखा हवा मारतो आणि ऑइल उष्णता खेचतं. एअर-कूल्ड म्हणलं की लोक उगाच बिचकतात, अहो आपल्या चेतकचं इंजिन काय पाण्यावर चालायचं का? तर हे इंजिन गेल्या दिवाळीपासून धायरीच्या एका शेडमध्ये उघडून ठेवलंय. पिस्टन नवीन, कॅमशाफ्टसुद्धा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवीन पण मूळपेक्षा जास्त लिफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खोल ढकलणारी. ज्या गॅरेजवाल्याकडे आधी दिलं होतं (नाव नको) तो म्हणाला सगळं नवीन आहे ना मग मापं कशाला घ्यायची, जोडून टाकू, आवाज आला तर परत उघडू. परत उघडू म्हणे! पिस्टन व्हॉल्व्हला लागला की तुम्हाला आवाज ऐकू येईपर्यंत व्हॉल्व्ह वाकून बसलेला असतो.

मग काम आमच्याकडे आलं. पहिलं माप पिस्टन आणि हेड (सिलिंडरचं झाकण) यांच्यामधल्या जागेचं. सोल्डरची तार पिस्टनच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना ठेवायची, पण गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) रेषेतच, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं, हेड कसायचं, हाताने क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा मुख्य दांडा) फिरवायचा, तार बाहेर काढून दबलेली जाडी मायक्रोमीटरने बघायची. डाव्या बाजूला तिन्ही ठिकाणी 1.05 मिमी आलं, उजव्या बाजूला 0.8. ही इंजिनं बांधणारे लोक 1 मिमीच्या खाली जात नाहीत, कारण जोरात फिरताना कनेक्टिंग रॉड ताणला जातो, बेअरिंगमधली फट भरते, वर कार्बन साठतो आणि मग ती शिल्लक जागा कुठे जाते कळत नाही. आता एकाच बाजूला कमी का? तर क्रँककेस दोन अर्ध्या भागांचं असतं, मॅग्नेशियमचं, आणि उजव्या अर्ध्यावर कोणीतरी कधीतरी सिलिंडर बसतो तिथला फेस स्किम केला होता, म्हणजे वरून थोडा कापून सपाट केला होता. पन्नास वर्षांत कोणाच्या हातून काय झालंय ते नवीन पार्टच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

उपाय तसा साधा. सिलिंडरखाली तांब्याचा बेस गॅस्केट असतो 0.25 चा, उजव्या बाजूला 0.5 चा घातला, माप 1.05 झालं. पुण्यात तांबट आळी असताना तांब्याच्या रिंगा परदेशातून मागवायच्या म्हंजे कसंतरीच वाटतं, पण जाडी सगळीकडे सारखी लागते आणि एका बाजूच्या तिन्ही सिलिंडरची उंची तंतोतंत एक पाहिजे, कारण तीन हेडवर मिळून एकच कॅम हाउसिंग बसतं, एक सिलिंडर जरा उंच राहिला की हाउसिंग पिळलं जातं आणि कॅमशाफ्ट जड फिरते. ती हाताने लोण्यासारखी फिरली पाहिजे. शिवाय हेड वर सरकलं की क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनचा हिशोब बदलतो, त्यामुळे कॅम टायमिंग (व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते) डायल लावून पहिल्यापासून.

दुसरं माप व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं. नातीची क्ले घेतली (विचारून), पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हसाठी असते त्या खोबणीत थापली, क्रँकला दोन पूर्ण फेरे दिले, क्ले सुरीने कापून जाडी बघितली. इनटेकला (आत घेणारा व्हॉल्व्ह) कमीत कमी 1.5 मिमी, एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणारा) 2 मिमी पाहिजे. एक्झॉस्टला जास्त का, तर तो बंद होत असताना पिस्टन त्याच्या मागे धावत वर येत असतो आणि तापून लांबही तोच जास्त होतो. आमचा एक्झॉस्ट पास, इनटेक मात्र 1.3, तेही जाड गॅस्केट घालून. व्हॉल्व्ह तिरका असतो ना, म्हणून खाली 0.25 वाढवले तरी तेवढे सगळे इथे मिळत नाहीत. शेवटी सहाही पिस्टनच्या खोबण्या 0.4 ने खोल केल्या, आधी डोक्याची जाडी बघून, नंतर सहाही वजनाला सारखे करून. दोन दिवस गेले नुसते त्यात.

अजून एक, जे पुण्यातल्या उन्हाळ्यात तर सांगायलाच हवं. मापाचं तापमान जगभर 20 अंश धरतात आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी 40. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर आतून बीडाचा, अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. 84 मिमीचा पिस्टन 20 अंशांच्या फरकाने साधारण 35 मायक्रॉन मोठा होतो आणि इथे पिस्टन-सिलिंडरमधली फटच त्या घरातली असते. म्हणून पिस्टन, सिलिंडर, मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एका टेबलावर ठेवायचे आणि पहाटे साडेपाचला मोजायचे. बायको म्हणते लग्नाच्या मुहूर्ताला इतक्या लवकर उठला नव्हतात. पण पूर्वी रिबोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) आणलेली स्कूटर कात्रज घाटात जॅम होऊन ढकलत आणलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

इंजिन अजून सुरू झालेलं नाही, टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी सोडायची फट) थंड इंजिनावर 0.1 मिमीला लावायचे बाकी आहेत. पुढच्या वेळी पान काढाल तेव्हा एक फोटो सरफेस प्लेटवर (मापं घ्यायची सपाट फरशी) मांडलेल्या पिस्टनचा छापा, चकचकीत बंपर कमी चालेल. आणि वाचकांपैकी कोणी असं इंजिन उघडून बसलं असेल तर माझ्याकडे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं चांगलं बोअर डायल गेज आहे. येऊन वापरा, उसनं मिळणार नाही. दुपारी 1 ते 4 बेल वाजवू नये.

आपला,
एक निवृत्त टूलरूमवाला,
कोथरूड, पुणे