रोख बक्षीस नसलेली मॅरेथॉन

महोदय,

मॅरेथॉनचा मोसम आला की आपल्या क्रीडापानावर विजेत्याच्या नावाशेजारी बक्षिसाचा आकडा ठळक छापून येतो. त्यात गैर काही नाही, धावणाऱ्याच्या घामाला मोल मिळालेच पाहिजे. पण एक दमडीचेही रोख बक्षीस नसताना जिच्या प्रवेशासाठी सोडत काढावी लागते, अशी एक शर्यत अमेरिकेत 1976 पासून चालू आहे. ती सैन्य भरवते. मी स्वतः सैन्यात नोकरी केली असल्याने तिचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, म्हणून हे पत्र.

वॉशिंग्टनच्या परिसरात ऑक्टोबरअखेर होणारी ही मरीन कोर मॅरेथॉन. मरीन कोर म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे अमेरिकेचे सैन्यदल, आणि त्याचे जवान म्हणजे मरीन्स. तिचा जन्म विजयाच्या उत्साहात झालेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. एप्रिल 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकेत गणवेशाबद्दलची आपुलकी पार आटली होती. सक्तीची भरती 1973 मध्येच थांबली होती, म्हणजे यापुढे सैन्याला मनुष्यबळ मिळणार ते लोकांच्या राजीखुशीने. त्याच सुमारास तिकडे धावण्याचे वेड पसरत होते. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकल्यापासून साधी नोकरदार माणसेही सकाळी रस्त्यावर उतरू लागली होती.

कर्नल जिम फाउलर यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. 17 ऑक्टोबर 1975 रोजी त्यांनी आपले वरिष्ठ जनरल मायकेल रायन यांना एक टिपण पाठवले. मरीन्सनी सर्वांसाठी खुली मॅरेथॉन भरवावी, त्यातून लोकांशी संबंध सुधारतील आणि ठरावीक वेळेत आधी एखादी मॅरेथॉन धावलेल्यांनाच घेणाऱ्या बोस्टन मॅरेथॉनची पात्रताही आपल्या जवानांना इथेच मिळवता येईल, असा त्यांचा मुद्दा होता. हे रायन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, प्रशांत महासागरातल्या तारावा बेटांच्या लढाईत नाव कमावलेले अधिकारी. सायगाव पडून सहा महिनेही झाले नव्हते. अशा वेळी संचलन आणि भाषणे यांच्यापेक्षा लोकांसाठी रस्ता मोकळा करून त्यांना पाणी द्यावे, हे ज्याला सुचले त्या अधिकाऱ्याची समज मोठी म्हणायची. नोव्हेंबर 1976 मध्ये पहिली शर्यत झाली आणि हजारावर माणसे धावली. तेव्हा ती मरीन कोरच्या राखीव दलाच्या नावाने होती. 1978 पासून नियमित मरीन दलाने ती आपल्याकडे घेतली.

पुढे ती हजारोंची झाली, ओप्रा विन्फ्रे 1994 मध्ये तीच धावल्या, वगैरे तपशील कुठेही मिळतील. मला महत्त्वाचे वाटते ते 2001 साल. 11 सप्टेंबरला पेंटॅगॉनवर, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयावर, विमान आदळले आणि 184 जणांचा बळी गेला. लष्कराची दहा मैलांची शर्यत, आर्मी टेन-मायलर, 1985 पासून दर ऑक्टोबरात होते आणि ती पेंटॅगॉनपासूनच सुटते. त्या वर्षी ती रद्द झाली. मरीन्सनी मात्र 28 ऑक्टोबरला आपली मॅरेथॉन घेतली, आणि तिचा रस्ता त्याच जखमी इमारतीजवळून गेला. बंदोबस्ताची जबाबदारी ज्याने कधी खांद्यावर घेतली आहे, त्याला या दोन्ही निर्णयांचे वजन कळेल. मी एकालाही चूक म्हणणार नाही. पण महिना-दीड महिन्यापूर्वी जिथे आपली माणसे गेली, तिथून नागरिकांना धावू देणारे सैन्य लोकांवर किती विश्वास टाकत होते, याचा विचार केला की ऊर भरून येतो.

मुलाकडे व्हर्जिनियाला गेलो असताना ही शर्यत मला रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहता आली. विसाव्या मैलाला पूल लागतो. साधारण मैलाला चौदा मिनिटे ही गती राखून ठरलेल्या वेळेत तिथे पोहोचले नाही तर बसमध्ये बसावे लागते, त्यामुळे पुलाची धास्ती सगळ्यांनाच. त्याआधी पोटोमॅक नदीकाठी एक टप्पा आहे. तिथे रस्त्याच्या कडेने धारातीर्थी पडलेल्या जवानांची छायाचित्रे ओळीने लावलेली असतात, आणि पुढे स्वयंसेवक झेंडे धरून उभे असतात. गप्पा मारत येणारे घोळके तिथे आपोआप गप्प होतात. कुणी फोटोला हात लावून पुढे जातो. शेवटी चढण चढून इवो जिमाच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात त्या बेटावर झेंडा रोवणाऱ्या मरीन्सच्या, स्मारकापाशी शर्यत संपते, आणि गळ्यात पदक घालायला तरुण लेफ्टनंट उभे असतात. साडेपाच तासांनी लंगडत आलेल्या एका वयस्क बाईंना पदक घालून त्या पोरसवदा अधिकाऱ्याने जो कडक सॅल्यूट ठोकला, त्यात तसूभरही कसूर नव्हती. पहिल्या आलेल्यालाही मान तोच.

आपल्याकडे सैन्य आणि धावणे यांचे नाते काही कमी नाही. शिवनाथ सिंग यांनी 1978 मध्ये जालंधरला नोंदवलेला 2 तास 12 मिनिटांचा मॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. ते लष्कराचेच. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि त्यानंतर धावू लागला. 2020 मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन 60 मिनिटे 30 सेकंदांत पूर्ण केली.

माझ्या साताऱ्यात तर घरटी फौजी असलेले अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आहे आणि यवतेश्वरचा घाट चढून जाणारी हिल मॅरेथॉनही आहे. तेव्हा आयोजकांना आपल्यामार्फत दोन सूचना कराव्याशा वाटतात. घाटातला एक किलोमीटर जिल्ह्यातील हुतात्म्यांच्या छायाचित्रांसाठी कायमचा राखून ठेवावा, नावाखाली गावाचे नाव लिहावे, आणि त्यांच्या घरच्यांना त्या दिवशी मानाने बोलवावे. आणि शेवटच्या रेषेवर पदके घालायला पाहुण्यांऐवजी जवान आणि माजी सैनिक असावेत, तेही अगदी शेवटचा धावपटू येईपर्यंत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने यादी दिली तर छायाचित्रे गोळा करायला आम्ही निवृत्त मंडळी गावोगाव फिरायला तयार आहोत.

– एक निवृत्त सैनिक, सातारा