करवाढीला विरोध बिल आल्यावर नव्हे, 20 फेब्रुवारीआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालमत्ता कराची वाढीव बिले हातात पडली की आपल्याकडे पुढचा क्रम ठरलेला असतो. सोसायट्यांमधून सह्यांचे निवेदन फिरते, महापालिकेच्या दारात घोषणा होतात, आयुक्तांना निवेदन देतानाचा फोटो छापून येतो आणि महिनाभरात सगळे शांत होते. लोकांचा राग खरा असतो, पुढाकार घेणारी माणसे प्रामाणिक असतात. चुकते ती वेळ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 99 प्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. एप्रिल-मेमध्ये बिल येते तेव्हा तो ठराव होऊन गेलेला असतो, त्या दरावर अंदाजपत्रक उभे राहिलेले असते आणि त्यातली कामे निविदेच्या वाटेला लागलेली असतात. तेव्हा कोणी ‘विचार करू’ म्हटले तरी विचार करण्याजोगे फारसे शिल्लक नसते.

म्हणून कामाला लागायचे ते डिसेंबर-जानेवारीत. करवाढीचा प्रस्ताव प्रशासनाकडून स्थायी समितीकडे आणि तिथून सर्वसाधारण सभेपुढे जातो. स्थायी समितीच्या बैठकीची कार्यपत्रिका नगरसचिव कार्यालयात असते. विषय क्रमांक टिपून प्रस्तावाची प्रत मागावी. वाढीची कारणे बहुधा तीच असतात: आस्थापना (पगार-भत्त्यांचा) खर्च वाढला, पाणीपुरवठ्यात तूट आहे, अमुक प्रकल्पात महापालिकेचा हिस्सा भरायचा आहे. प्रत्येक कारणाला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. ‘सामान्य माणसाचे कंबरडे मोडले’ हे वाक्य खरे आहे, पण त्यावर ठराव लिहिता येत नाही. ‘या लेखाशीर्षातून (खर्चाच्या सदरातून) इतकी रक्कम कमी केली तर दरवाढीची गरज उरत नाही’ असे लिहून दिले, तर एखाद्या नगरसेवकाला सभेत उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणारी सूचना, मांडता येते. 2022 नंतर अनेक महापालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे होता, त्या काळात ही वाटही बंद झाली होती. सभागृह असेल तेव्हा तिचा पुरेपूर उपयोग करायला हवा.

अंदाजपत्रकाचा जाडजूड ग्रंथ पाहून माणसे बिचकतात. तो पूर्ण वाचायची गरज नाही. बहुतेक लेखाशीर्षांपुढे मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. बातमी होते ती शेवटच्या रकान्याची. पाहायचा असतो प्रत्यक्षाचा. जमेच्या बाजूला अंदाज फुगवायचा, त्या फुगवट्यावर कामे मंजूर करायची आणि वर्षअखेरीस जमा कमी पडली की ठेकेदारांची देयके पुढच्या वर्षावर ढकलायची, ही तुटीची नेहमीची वाट आहे. या थकलेल्या देण्याला दायित्व म्हणतात. लेखा विभागाकडून ते खातेवार मागावे. करवाढीतून येणारी रक्कम आणि दायित्वाची रक्कम शेजारी मांडली की वाढीव पैसा नव्या सोयींना जाणार की जुनी बिले भागवायला, हे एका कागदावर दिसते.

पाहायची दुसरी जागा वर्गीकरणाची, म्हणजे एका लेखाशीर्षातला पैसा दुसऱ्याकडे वळवण्याची. मलनिःसारणासाठी ठेवलेला पैसा मार्च जवळ आला की वर्गीकरणाच्या ठरावाने कमानी, नामफलक आणि सुशोभीकरणाकडे वळतो. वर्षभरातले असे ठराव एकत्र करावेत, कोणत्या खात्यातून पैसा निघाला आणि कुठे गेला याचा तक्ता करावा. तिसरी जागा निविदेशिवाय दिलेल्या कामांची. तातडीच्या कामासाठी याच अधिनियमाचे कलम 67(3)(क) आहे आणि निविदा न मागवता काम देण्यासाठी अनुसूची ‘ड’ प्रकरण 5(2)(2) चा आधार घेतला जातो. पूर आला, जलवाहिनी फुटली तर ही तरतूद हवीच. पण दरवर्षी ठरलेल्या वेळी होणारी नालेसफाई किंवा आधीच ठरलेला कार्यक्रम ‘तातडी’त कसा बसतो, हे विचारलेच पाहिजे. एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेच्या जरासा खाली ठेवलेला दिसला, तर तिन्ही कार्यादेशांच्या (काम सुरू करण्याच्या आदेशांच्या) तारखा आणि ठेकेदारांची नावे एकाखाली एक लिहावीत. वेगळे भाष्य लागत नाही.

माहिती अधिकारात बहुतेकांची गाडी पहिल्याच अर्जावर अडते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयापुरता असावा लागतो. ‘गेल्या पाच वर्षांतील सर्व रस्त्यांची माहिती द्यावी’ अशा अर्जाला ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर येते. ‘खर्च इतका का झाला’ असे विचारले तर तो प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत येतो. त्यापेक्षा एक काम निवडावे आणि त्याच्या धारिकेचे (फाइलचे) अवलोकन मागावे. शुल्क 10 रुपये, छायाप्रत पानाला 2 रुपये, अवलोकनाच्या पहिल्या तासाला शुल्क नाही. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील, 20 रुपयांचा कोर्ट फी मुद्रांक लावून. राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नागरिकांना अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची प्रत सोबत ठेवली तर दारातली हुज्जत वाचते.

धारिकेत पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक पाहायचे. त्यातही मोजमाप पुस्तिका नीट पाहावी. पदपथाच्या कामात ओळीने लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. त्या ओळी उतरवून घ्याव्यात आणि टेप घेऊन त्याच जागेवर जावे. पेव्हर ब्लॉकच्या कडेला एखादा ब्लॉक सुटलेला असतोच. तो 80 मिलिमीटरचा लिहिला आहे आणि 60 चा भरतो का, ते तिथेच कळते. खालच्या खडीच्या थराची मोजणी नंतर करता येत नाही, म्हणून काम चालू असताना मोजपट्टीसह फोटो काढून ठेवावेत. आणखी एक गोष्ट हमखास सुटते: उखडलेले जुने ब्लॉक. ते चांगल्या स्थितीत असतील तर त्यांची किंमत पूर्वगणनपत्रकात वजा व्हायला हवी, किंवा ते भांडारात जमा झाल्याची नोंद हवी. दोन्ही नसेल तर तो प्रश्न लेखी विचारावा. आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी असलेला काळ) संपण्याआधीच तोच पदपथ पुन्हा उखडला जात असेल, तर करवाढीच्या हरकतीला त्याहून चांगला पुरावा नाही.

आता स्वतःच्या बिलाकडे. सामूहिक निवेदन दर ठरण्याआधी उपयोगी पडते. आकारणी चुकली असेल तर हरकत ज्याची त्यालाच, नोटिशीतल्या मुदतीत द्यावी लागते. भाडेमूल्यावर (घराला मिळू शकणाऱ्या भाड्यावर) आकारणी असलेल्या शहरात हिशेब असा होतो: 600 चौरस फूट घर, दरमहा चौरस फुटाला 4 रुपये धरले तर वार्षिक भाडेमूल्य 28,800 रुपये. दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 25,920. सगळ्या करांचे दर मिळून 40 टक्के धरले तर कर 10,368 रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. याच घराची नोंद 720 चौरस फूट झाली, तर कर 12,441 रुपये 60 पैसे होतो, म्हणजे दरवर्षी 2,073 रुपये 60 पैसे जास्त, आणि दर एका पैशानेही वाढलेला नसतो. म्हणून आपली महापालिका चटई क्षेत्र धरते की बांधीव, वापर निवासी लिहिला आहे की बिगरनिवासी, घरमालक स्वतः राहतो की भाडेकरू, इमारतीचे वर्ष कोणते, एकाच मिळकतीची दुबार नोंद आहे का, हे आधी तपासावे. बिलातले राज्य शिक्षण कर आणि रोजगार हमी कर महापालिका राज्य सरकारसाठी गोळा करते. त्यांचा राग महापालिकेवर काढून उपयोग नाही.

हरकतीसोबत मंजूर नकाशा किंवा खरेदीखताची प्रत जोडावी, आवक क्रमांकाची पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. हरकत फेटाळली गेली तर कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील आहे. त्याची मुदत फक्त 15 दिवसांची आहे, आणि मागणीची रक्कम भरल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. पुष्कळ जण इथेच बाद होतात.

‘बिलच भरू नका’ असे आवाहन करणाऱ्या कार्यकर्त्यांना कळकळीची विनंती आहे की हे करू नये. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते, वर्षाला 24 टक्के. पुढे वॉरंट आणि जप्ती येते, आणि ती ज्याच्याकडे वकील नाही अशा घरावर आधी येते. रक्कम निषेध नोंदवून भरावी, तसे पत्र त्याच दिवशी आवक करावे आणि हरकत चालू ठेवावी. थकबाकीच्या एकूण आकड्यावरूनही घाईने आरोप करू नयेत. त्यात शास्ती, दुबार नोंदी आणि न्यायप्रविष्ट रकमा मिसळलेल्या असतात. मूळ कराची, वादात नसलेली थकबाकी वेगळी मागावी. दर वाढवण्याआधी ती वसूल करा, हा मुद्दा मग खोडता येत नाही.

कागदावर भांडलेले टिकते याची उदाहरणे आहेत. 1928 च्या बारडोलीत शेतसारा न भरण्याचा निर्धार जितका मोठा होता, तितकीच निःपक्षपाती चौकशीची मागणीही ठाम होती. चौकशी अधिकारी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल गावोगाव फिरले, शेतकऱ्यांनी आकडे पुढे ठेवले आणि सुमारे 22 टक्क्यांची सारावाढ 6.03 टक्क्यांवर आली. मुंबईत भांडवली मूल्यावरील (मिळकतीच्या बाजारमूल्यावर आधारलेल्या) कराच्या नियमांपैकी 20, 21 आणि 22 हे नियम उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल कायम ठेवला. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांची 1970 पासूनची 40 टक्के सवलत काढली गेली होती, ती 2023 मध्ये परत मिळाली. पण ज्यांची सवलत गेली होती, त्यांना ती परत मिळवण्याचा ‘पीटी-3’ हा अर्ज स्वतः भरून द्यावा लागला. धोरण बदलले म्हणून आपले बिल आपोआप बदलेल, असे धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

गावांत हे काम तुलनेने सोपे आहे, तरी ते फार कमी ठिकाणी होते. घरपट्टीची आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 या नोंदवहीत असते. इमारतीच्या वयाचा रकाना चुकला की घसारा (जुनेपणाची सूट) मिळत नाही आणि जुन्या घराला नव्याच्या जवळपास कर लागतो, म्हणून हा रकाना आधी पाहावा. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, लेखापरीक्षणातील शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. शेरे मोठ्याने वाचून दाखवा, एवढी एकच मागणी ठामपणे करावी. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती; ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून त्या दुसऱ्या सभेला तर चुकवूच नये. आपला आक्षेप तोंडी न मांडता लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) द्यावा, तो इतिवृत्तात आला का ते पाहावे आणि इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी.

आपले,
काही करदाते नागरिक