काका, माझ्या शब्दावर तुम्ही वेळ लिहिलीत

ती. काका,
सा. न.

तुमचे आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही "हवा आज छान शांत आहे, बोलण्यात घालवू नका" असं म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. इथे तरी तुम्हाला मला अडवता येणार नाही. तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. ज्यांनी तुमच्या अंगणात दुर्बिणीला कधी डोळा लावला आहे त्यांना पत्र कुणाला आहे ते कळेलच.

माझी दुर्बीण तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. 114 मिलिमीटर व्यासाचा आरसा, 900 मिलिमीटर नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर). खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं विवर्धन 675 पट. 4 मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, 225 पट होतं, त्यावर तिपटीचा बार्लो, म्हणजे विवर्धन वाढवणारं जोडभिंग, चढवला की 675. आकडेमोड बरोबर आहे, पण प्रकाश त्या आकडेमोडीला बांधलेला नाही. एवढ्या आरशात सव्वादोनशे पटीच्या पुढे नवं काहीच दिसत नाही, आहे तेच अंधुक होत मोठं होतं. आणि बहुतेक रात्री हवेची थरथर दीडशे पटीच्या आतच आपल्याला थांबवते. हे विकणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. दुर्बीण घेताना "मुलासाठी घेताय का?" असं त्याने विचारलं होतं. तेव्हा मी सोडून दिलं. नंतर शनी लांबट डाग दिसतो, प्रत्येक ताऱ्याला एकाच बाजूला शेपूट फुटतं, म्हणून विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "एवढ्या दुर्बिणीत एवढंच दिसतं." शेपूट फुटतं या शब्दांतच सगळं निदान होतं. त्याने ते ऐकलंच नाही.

त्याचं एक वेळ ठीक, त्याला पुढचं गिऱ्हाईक होतं. मला जास्त लागलं ते जाणकारांचं. आकाशनिरीक्षण करणाऱ्या एका गटात मी हौसेने गेले. तिथे दुर्बिणीचा आकार सांगताच चेहरे बदलले. "खेळणं आहे, विकून टाका, निदान आठ इंची घ्या." कुणी वाईट हेतूने बोललं असं नाही म्हणत मी. पण एका रात्री हवा क्षणभर थांबली आणि मला गुरूचे दोन पट्टे वेगळे दिसले. त्यातल्या एकाच्या कडेला गडद फुगवटा होता. मी ते सांगितलं तर एकाने मान वर न करता विचारलं, "फोटो आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग भास असेल." त्यानंतर कितीतरी दिवस मी दुर्बीण बाहेर काढली तरी जे दिसेल त्यावर माझाच विश्वास बसत नसे. डोळा आयपीसला लावायचा आणि मनात म्हणायचं, हे खरं नसेल. माणसाची हौस अशीच मरते. साधन खराब असल्याने कमी मरते, कुणी "तुला दिसलंच नाही" म्हटल्याने जास्त मरते.

तुम्ही पहिल्याच भेटीत दुर्बीण कुठली, केवढी, कितीची, यातलं काहीही विचारलं नाहीत. "काय दिसतं ते सांगा" म्हणालात आणि मी सांगत होते तितका वेळ मधे बोलला नाहीत. शेपटाचं ऐकून हसलात, पण मला नाही, तर ओळखीचं दुखणं सापडल्यासारखं. प्रवासात आरसे हलले होते, दुसरं काही नाही. तुम्ही ते कसं नीट केलंत यावर मी लिहीत बसत नाही, ते करायला जाणारा ते करूनच शिकतो. शेवटी फोकसच्या बाहेर नेलेल्या ताऱ्याभोवती एकात एक बसलेली वर्तुळं दिसली आणि सगळ्यांचं केंद्र एक होतं, एवढं माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. मग तुम्ही दुर्बीण तासभर उघड्यावर ठेवायला लावलीत, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा म्हणून. घरातून आणलेल्या उबदार आरशापुढे हवा उकळत राहते आणि त्या उकळीत ग्रह विरघळतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग गुरू. नव्वद पट, 10 मिलिमीटरची तीच खोक्यातली आयपीस. धारदार कडेची चपटी चकती. चपटी असल्याचं वाचलं होतं, पण ती डोळ्यांनी कळते हे माहीत नव्हतं. एवढा अवाढव्य ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्या वेगाने मध्यावर फुगतो, आणि तो फुगवटा माझ्या "खेळण्यात" दिसत होता. दोन पट्टे स्पष्ट होते. हवा थांबली की तिसऱ्याची रेघ यायची, हलली की जायची. तुम्ही म्हणालात, बघत राहा, डोळ्याला शिकायला वेळ लागतो. एका ग्रहाकडे इतका वेळ बघायचं असतं हे मला नवीन होतं. दोन मिनिटं पाहायचं आणि पुढच्याला जागा द्यायची, एवढंच मी गटात पाहिलं होतं.

पण काका, मला आभार मानायचे आहेत ते यापैकी कशाचे नाहीत. आरसे कुणीतरी कधीतरी नीट करून दिलेच असते.

त्या संध्याकाळी गुरूचा उपग्रह आयो ग्रहणात, म्हणजे गुरूच्या सावलीत, होता. गुरूची प्रतियुती, म्हणजे तो आपल्याकडून सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येणं, होऊन गेली होती, त्यामुळे गुरूची सावली आमच्याकडून पाहता त्याच्या पूर्वेला पसरलेली. आयो गुरूच्या मागून निघाला तरी लगेच दिसत नाही, कारण तो अजून सावलीतच असतो. मग गुरूच्या कडेपासून थोडं दूर, जिथे काहीच नाही अशा काळ्या जागेत, तो आपोआप उजळू लागतो. तुमचा दहा इंची डॉब्सोनियन, साध्या बैठकीवरची मोठी आरशाची दुर्बीण, तयार होता, गुरूवर लावलेला. मला वाटलं तुम्ही तिकडे जाल आणि मला सांगाल, बघ आला. तुम्ही त्याच्या तोंडावर झाकण घातलंत. वही उघडलीत, मंद लाल दिवा लावलात, घड्याळ समोर ठेवलंत आणि गुरूकडे पाठ करून बसलात. "तुम्ही बघा, दिसला की सांगा, वेळ मी लिहितो."

मी म्हटलं, तुम्हीच बघा, मला नाही कळायचं. तुम्ही म्हणालात की डोळा आणि घड्याळ दोन्ही एकाच माणसाला नीट सांभाळता येत नाही. इतकी वर्षं तुम्ही एकट्याने दोन्ही सांभाळत आलात, हे त्या वहीच्या प्रत्येक पानावर लिहिलेलं आहे, काका. मी नंतर पाहिलं.

मी बघत राहिले. काळ्या जागेकडे सरळ रोखून पाहिलं की काही दिसत नव्हतं, म्हणून नजर जराशी बाजूला ठेवली. आणि तिथे काहीतरी झालं. ठिपकासुद्धा नव्हे, ठिपक्याची शंका. माझ्या तोंडून "आला" निघून गेलं. लगेच पोटात गोळा आला, कारण तो "भास असेल"वाला आवाज आठवला. पण मागे पेन्सिलीचा आवाज आला. तुम्ही "नक्की ना?" विचारलं नाहीत. उठून पाहिलं नाहीत. लिहिलंत. दोन-तीन मिनिटांत आयो इतका ठसठशीत झाला की मी म्हटलं, आता तरी बघा. त्यावर तुमचं उत्तर मला शब्दशः पाठ आहे: "आता तो कुणालाही दिसेल. पहिला प्रकाश तुम्ही पाहिलात, तोच लिहायचा असतो."

नंतर तुम्ही वही माझ्यापुढे केलीत. तारीख, वेळ सेकंदापर्यंत, "आयो, ग्रहणमोक्ष", साधनाच्या रकान्यात "परावर्ती, 114 मिमी", आणि निरीक्षकाच्या रकान्यात माझं नाव. तुमच्या अक्षरात. वर-खाली सगळीकडे तुमच्या मोठ्या दुर्बिणीतल्या नोंदी, आणि मधे ही. कंस नाही, प्रश्नचिन्ह नाही. मी विचारलं की आरशाचा व्यास कशाला लिहायचा. तुम्ही समजावलंत की मोठ्या आरशात पहिला प्रकाश काही सेकंद आधी दिसतो, लहानात उशिरा. उशिराची वेळ चुकीची नसते, ती त्या आरशाची वेळ असते. व्यास लिहिला की दोन्ही नोंदी तितक्याच खऱ्या. माझ्या दुर्बिणीबद्दल याहून न्यायाचं वाक्य कुणी बोललेलं नाही.

मग घरी परतताना रोमरचं आठवलं. आयोची ग्रहणं साधारण साडेबेचाळीस तासांनी येतात. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ती वेळापत्रकाच्या मागे पडत जातात, जवळ येत असली की पुढे येतात. 1676 मध्ये पॅरिसमध्ये ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाने यातून सांगितलं की प्रकाशाला वेग आहे, तो तत्क्षणी पोहोचत नाही. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला 22 मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात सतरा मिनिटांच्या आतबाहेर लागतात. आकडा चुकला, मुद्दा बरोबर निघाला. आणि तो मुद्दा उभा होता कशावर? कुणीतरी दुर्बिणीला डोळा लावून "आला" किंवा "गेला" म्हटलं आणि ती वेळ लिहून ठेवली, यावर. फोटो नव्हते तेव्हा. शब्द होता.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला या निमित्ताने राहून राहून आठवते. गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 ला गुरूशेजारी तीन तारे पाहिले, त्याच महिन्यात चौथाही सापडला. काही विद्वान दुर्बिणीला डोळा लावायलासुद्धा तयार नाहीत अशी तक्रार त्याने त्याच वर्षी केप्लरला पत्रात केली. केप्लरकडे ते उपग्रह दाखवणारी दुर्बीण नव्हती. त्याने ते पाहिले नव्हते. तरीही त्याने वसंतात गॅलिलिओच्या बाजूने जाहीरपणे लिहिलं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहायला त्याला उन्हाळा सरेपर्यंत थांबावं लागलं. मला केप्लरचे तीन नियम शाळेत पाठ करायला लावले होते. हे कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

चांगुलपणा म्हणजे मदत करणं, असं मी समजत होते. आता वाटतं, त्याच्याआधी काहीतरी आहे. समोरचा जे सांगतोय ते त्याला खरंच दिसतंय असं धरून चालणं. डॉक्टर रोग्याचं, शिक्षक पोराचं, मोठा माणूस लहानाचं म्हणणं इतकं सरळ ऐकून घेईल तर निम्मी दुखणी वेळेत सापडतील. ज्याला पुष्कळ कळतं त्याला हे फार अवघड जातं असं दिसतं, कारण त्याच्याकडे समोरच्याला खोडून काढायला पुष्कळ माहिती असते. तुमच्याकडे तर त्या सगळ्यांहून जास्त होती. आणि ज्यांनी मला दुर्बीण विकून टाकायला सांगितलं त्यांना मला एवढंच म्हणायचं आहे की तुमचं आठ इंची मोलाचं आहे, जरूर वापरा, पण नव्या माणसाला "काय पाहिलंस?" एवढं तरी विचारा आणि उत्तर पुरतं ऐका.

आता कामाचं. मी माझी वही सुरू केली आहे, रकाने तुमचेच. शनीचा सर्वात मोठा उपग्रह टायटन आता शोधावा लागत नाही, सोळा दिवसांत तो शनीभोवती कसा फिरून येतो ते मी चित्रांवरून ताडून पाहिलं. 2025 च्या मार्चमध्ये कडी आपल्याकडे धारेवर आली होती, तेव्हापासून अजून ती अरुंदच आहेत. त्यांचा उजेड कमी असल्याने शनीचा दुसरा उपग्रह रियासुद्धा तुम्ही म्हणालात तसा चांगला सापडतो. आता मी आयापेटस या शनीच्याच आणखी एका उपग्रहाच्या मागे आहे. शनीच्या पश्चिमेला, बराच लांब, एक दहाव्या प्रतीचा ठिपका आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद), आणि शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने तो रोज सरकतो. तोच असावा. त्याची एक बाजू उजळ, दुसरी काळी, आणि शनीकडे तो कायम एकच तोंड ठेवतो, म्हणून पूर्वेला गेला की पावणेदोन प्रती मंदावतो. कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाला 1671 मध्ये तो पश्चिमेला सापडला, पूर्वेला मात्र हरवला, आणि तिथे तो पुन्हा दिसायला 1705 उजाडलं. एका फेरीला 79 दिवस लागतात. म्हणजे सुमारे चाळीस दिवसांनी तो पूर्वेला असेल आणि माझ्या आरशातून बहुधा गेलेला असेल. शेवटचा कुठल्या रात्री दिसला ते मी तुम्हाला कळवते. तुमच्या डॉब्सोनियनमध्ये तो दिसतच राहणार, पण तोवर त्याबद्दल मला काही सांगू नका, माझी तारीख मला काढू द्या.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी