फ्युएल सेलच्या आधी गंधकाचं बघा

संपादक महोदय,

साखर कारखान्याच्या स्पेंटवॉशपासून (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी) बायोगॅस आणि त्यावर फ्युएल सेल (गॅस न जाळता रासायनिक क्रियेनं थेट वीज करणारं यंत्र) चालवून वीज, हा तुमच्या पेपरातला लेख वाचला, कल्पना चांगलीच आहे पण गंधकाबद्दल त्यात एक शब्द नाही आणि सगळी मेख तिथंच आहे. आमच्या घरी गोबरगॅस आहे, शेगडीचा पितळी बर्नर कितीही घासा, चार दिवसांत परत काळा, कारण गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड. स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये तर तो टक्क्यांत असतो. इंजिन थोडंफार सोसतं, पण फ्युएल सेलमधलं ही क्रिया घडवणारं निकेल दहा लाख भागांत एक-दोन भाग गंधक आलं तरी मंदावतं. म्हणून गॅस आधी आयर्न ऑक्साइडमधून न्यायचा, मग उरलंसुरलं गंधक 300 ते 400 अंशाला झिंक ऑक्साइडमध्ये धरायचं, आणि हा माल गंधकानं भरला की बदलायचा, म्हणजे परत खर्च. पाइपच्या गॅसचंही तेच, गळती कळावी म्हणून त्यात जे वासाचं मरकॅप्टन घालतात तेही गंधकाचंच. कारखान्यांनी हा सफाईचा खर्च आणि वापरलेल्या मालाची विल्हेवाट अंदाजपत्रकात आधी धरावी, ऊस आमचा आहे, आम्हाला हा आकडा कळायला पाहिजे.

– एक ऊस उत्पादक, पलूस (जि. सांगली)