पेटीवरचा चांदोबा

ति. आई-बाबा, सा. न.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मधेच म्हणालात की पेटीपायी तुला मारायचो ते माझं चुकलंच, आणि मी घाईघाईने "जाऊ द्या हो" म्हणून गुडघेदुखीवर आले. आठवडाभर ते डोक्यातून जाईना. त्यात सध्या ऑफिसला जाताना ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, रोज शोपँ ऐकते, तो पोलंडचा जुना संगीतकार, पियानोवर वाजवणारा फू त्सोंग, शांघायचा, नंतर जन्मभर इथे लंडनलाच राहिला आणि 2020 च्या डिसेंबरात कोविडने गेला. त्याच्या लहानपणाबद्दल वाचत बसले तर दर दोन ओळींनी तुम्हीच समोर.

जन्म 1934 चा. वडील फू लेइ, बाल्झाक चिनीत आणणारे नावाजलेले अनुवादक, भयंकर कडक. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं तेव्हा पियानो सुरू केला, आणि पुढे शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं, जुन्या चिनी ग्रंथांतले धडे स्वतः निवडून. पियानोचे मास्तर मारिओ पाची, इटालियन, शांघायचा ऑर्केस्ट्रा नावारूपाला आणला तो माणूस. सुरुवातीला गत-बित काही नाही, नुसते बोटांचे पलटे, आणि तेही हाताच्या पाठीवर नाणं ठेवून, नाणं पडता कामा नये! आई, बाबा माझ्या मनगटाखाली फूटपट्टी धरायचे, आठवतंय ना? मनगट खाली आलं की टोचायची.

पुढचं तर ऐकाच. वडील वरच्या मजल्यावर भाषांतर करत बसायचे, पण कान खालीच. एकदा या पठ्ठ्याने नोटेशनच्या जागी कादंबरी ठेवली, हात आपले सवयीने चालू आणि डोळे गोष्टीत. वाजवणं कुठेतरी खटकलं असणार, कारण वडील पावलं न वाजवता खाली आले, मागे उभे राहिले आणि असे गरजले म्हणे की बास. मी ट्यूबमध्ये एकटीच हसत सुटले, समोरची बाई बघायला लागली. माझा चांदोबा पेटीवर होता आणि भूपचे पलटे सुरू होते, तेव्हा तुम्हीही असेच चप्पल काढून आला होतात. हसू नंतरचं, तेव्हा दोन दिवस कान लाल होता.

त्याच्याही नाकावर वडिलांनी रागाने फेकून मारलेल्या वस्तूचा व्रण होता, कायमचा.

पुढे 1948 ला घर कुनमिंगला गेलं, आई-वडील परतले, हा तिथेच राहिला, कॉलेजला इंग्रजी घेतलं, पियानो जवळपास सुटला. मग तिथल्याच लोकांनी वर्गणी काढून परतीचं भाडं दिलं आणि सतराव्या वर्षी हा पुन्हा शांघायला येऊन नेटाने बसला. 1955 ला वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तिसरा, दुसरा कोण तर आश्कनाझी, पुढे जगभर गाजलेला पियानोवादक! वर माझुर्कांचं, म्हणजे पोलिश नाचाच्या चालीवरच्या शोपँच्या रचनांचं, खास बक्षीस. मला विचाराल तर हे त्या नाण्याने नाही झालं, वडिलांनी पाठ करून घेतलेल्या कवितांनी झालं, पण मी काही जाणकार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. 1954 च्या जानेवारीत पोलंडला जायचं म्हणून मुलगा बीजिंगच्या गाडीत बसला आणि एक-दोन दिवसांतच त्या कडक माणसाने पत्र लिहिलं, की मी तुला छळलं, याचं प्रायश्चित्त मला कधीच जमणार नाही. मग वर्षानुवर्षं लिहीतच राहिले. 1958 च्या शेवटी मुलगा पोलंडहून लंडनला निघून आला, परत जाता येईना. तिकडे चीनमध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीत घरावर धाड आली, फार छळ झाला आणि 3 सप्टेंबर 1966 ला त्याच्या आई-वडिलांनी, दोघांनीही, घरातच जीव दिला. मुलाला शांघायला पाय ठेवता आला तो 1979 मध्ये.

तुमची नि त्यांची तुलना नाही करत हो, आई लगेच रडू नकोस. पण बाबा, मला राग होता, खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे. आणि तरी तुमचं वाक्य मीच अर्ध्यात तोडलं याचं जास्त वाईट वाटतंय. पुढे काय म्हणणार होतात? लिहून पाठवा, व्हॉट्सॲपवर नको, कागदावर, अक्षर थरथरलं तरी चालेल, मला लागतं ते वाचता.

आई, त्यांच्यासमोर चष्मा आणि पॅड ठेव. आणि पेटीच्या भात्याला उंदराने पाडलेलं भोक तसंच आहे की मिरजेला दिली दुरुस्तीला?

तुमची,
मनी