पहिल्या लेक्चरची वेळ बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या सुमारास मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांत तज्ज्ञांची व्याख्यानं होतात. व्यायाम करा, सकस खा, मोबाइल दूर ठेवा, मनातलं बोला, वेळेचं नियोजन करा, असं मुलांना सांगितलं जातं. यातलं काहीच चुकीचं नाही. पण पदवीच्या वाणिज्य वर्गांना शिकवताना जे रोज डोळ्यांसमोर येतं, त्यावरून मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की आमच्या मुलांची घडी आळसामुळे विस्कटत नाही. सकाळी सातच्या लेक्चरमुळे ती विस्कटते.

शहरात जागा अपुरी आहे. एकाच इमारतीत ज्युनियर आणि डिग्री कॉलेज भरतं, म्हणून एकाला सकाळ आणि दुसऱ्याला दुपार अशी वाटणी होते. बऱ्याच ठिकाणी बी.कॉम.च्या वाट्याला पहाट येते. मुलं मात्र कॉलेजच्या शेजारी राहत नाहीत. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर, विरार चर्चगेटपासून ६०. सातला बाकावर बसायचं तर साडेचारला उठावं लागतं, आणि डबा हवा असेल तर आईला त्याच्याही आधी. रात्री दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, धाकट्यांचा अभ्यास, सेकंड शिफ्टहून येणारे वडील. साडेअकरा-बारापर्यंत दिवा मालवत नाही. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. आमच्या मुलांना पाचसुद्धा मिळत नाहीत.

‘मग लवकर झोपा’ असं म्हणणं सोपं आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं आणि हा फरक विशीच्या आसपासपर्यंत टिकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं सुचवलं, ते याच कारणाने. आपल्या राज्य सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहानग्यांच्या झोपेचा विचार झाला याचा मला मनापासून आनंद आहे. अठरा वर्षांच्या मुलीची झोप कोणाच्या विचारात आहे?

झोप गेली की बाकीचं सगळं एकामागून एक जातं, हे मी वर्गात बघते. उपाशी पोटी आलेला मुलगा अकरा वाजता कॅन्टीनमध्ये वडापाव आणि दोन कटिंगवर भूक मारतो. इंटर्नल्सच्या, म्हणजे अंतर्गत परीक्षांच्या आठवड्यात साध्या प्रश्नावर मुलींचे डोळे भरून येतात. कबड्डीच्या टीममधला चांगला चढाईपटू सराव सोडतो, कारण ७५ टक्के हजेरी भरली नाही तर नाव डिफॉल्टर लिस्टला लागतं आणि सराव संपवून घरी पोहोचायला रात्र होते. मैत्री राहते ती लोकलच्या डब्यात, उभ्या उभ्या. अशा मुलाच्या हातात दिनचर्येचा तक्ता देऊन त्याच्या आयुष्यात नवा तास निर्माण होत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात राज्याने सहअभ्यासक्रमाला श्रेयांक (क्रेडिट्स) दिले आहेत. त्यात योग, क्रीडा, एनएसएस, एनसीसी, कला आणि ‘आरोग्य व स्वास्थ्य’सुद्धा आहे. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण तो तास बाकावर बसवून, नोट्स देऊन आणि शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा घेऊन संपवला, तर मुलांच्या अंगाला त्यातलं काय लागणार? मैदान नसेल तर गच्ची चालेल. जिमखान्याचं कुलूप लेक्चरच्या वेळेतच उघडावं आणि सरावाचे तास हजेरीत धरावेत.

एक अडचण मला प्रामाणिकपणे मांडायला हवी. सगळ्यांनाच उशिरा कॉलेज नको आहे. कितीतरी मुलं दुपारी दुकानात, सीएच्या ऑफिसात, कॉल सेंटरमध्ये कामाला जातात; फी त्यातून भरतात. सकाळचं कॉलेज आहे म्हणूनच त्यांचं शिक्षण सुरू आहे. त्यामुळे सरसकट नऊची वेळ करा अशी माझी मागणी नाही. प्रवेशाच्या वेळीच सकाळची तुकडी हवी की दुपारची, हे विचारावं. लांबून येणाऱ्यांना आणि काम न करणाऱ्यांना दुपार द्यावी. जिथे दुसरी तुकडी शक्यच नाही, तिथे निदान पहिलं लेक्चर आठला ठेवावं आणि मधले रिकामे तास काढून टाकावेत. सातला बोलावून मुलांना सकाळी दहापासून बारापर्यंत पॅसेजमध्ये बसवून ठेवणारं वेळापत्रक आम्ही शिक्षकच तयार करतो, ते आम्हाला बदलताही येईल.

समुपदेशकाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे निर्देश दिले. नेमणूक झाली तरी त्यांची वेळ दुपारी दोनची आणि खोली ऑफिसच्या खिडकीला लागून असेल, तर सकाळच्या तुकडीतलं कोणी तिथे जाणार नाही. वेळ मुलांच्या सोयीची आणि दार जरा आडबाजूला हवं. तोवर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

पुढचं सत्र दिवाळीनंतर सुरू होईल. त्याचं वेळापत्रक ठरवायला समित्या लवकरच बसतील. प्राचार्यांना माझी विनंती आहे की त्या बैठकीत प्रत्येक वर्गातले दोन विद्यार्थी बोलवावेत, एक लांबून येणारा आणि एक नोकरी करणारा, आणि ते घरातून किती वाजता निघतात हे आधी विचारून मग पहिल्या लेक्चरची वेळ लिहावी.

आपली नम्र,
एक प्राध्यापिका, मुंबई