गुडघ्यांची सबब चालणार नाही

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "म्युझियमं बघायला गुडघे लागतात." तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं, पण पटलं नव्हतं, म्हणून आज नीट लिहायला बसले. पोलंडमधलं हे आमचं क्राकुफ, त्याचं जुनं गाव सपाट आहे, भोवतीनं बाग आहे आणि बागेत पावलापावलावर बाकं. आणि ज्या माणसासाठी तुम्हाला बोलावतेय, त्याचं महत्त्वाचं काम एका चौकाच्या दोन बाजूंना बघायला मिळतं.

चित्रकार स्तानिस्वाफ विस्पियान्स्की. जन्म इथलाच, १८६९चा. बाप मूर्तिकार, वावेल किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचं वर्कशॉप. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवलं. चित्रकलेत गुरू लाभले यान मातेइको, म्हणजे इतिहासातले प्रसंग भिंतभर रंगवणारे. मारियात्स्की चर्चच्या भिंती रंगवताना त्यांनी ज्या विद्यार्थ्यांना हाताशी धरलं, त्यात हा होता. मातेइकोंची चित्रं मला फार गजबजलेली वाटतात. तुम्हाला आवडतील, कपड्यांच्या चुण्या बघत तास काढाल.

फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतींवर शिष्यानं काय काढलंय? लिली, पॅन्सी, असली फुलं. गावाबाहेरचं रानगवतसुद्धा तो वहीत टिपून ठेवायचा. आत गेलात की मागे वळून दारावरची खिडकी बघा. रंगीत काचेचा देव, निळ्या-हिरव्या लोटातून वर आलेला, एक हात उगारून "होऊ दे" म्हणणारा. दुपारी ऊन पलीकडून येतं, तेव्हाच जायचं. मला पहिल्यांदा तो देव रागावलेलाच वाटला होता.

वावेलच्या कॅथेड्रलसाठीही त्यानं काचचित्रांचे नमुने काढले होते. १८६९ साली राजा काझिमेशची कबर अचानक उघडी पडली, तेव्हा मातेइकोंनी आतली हाडं रेखाटली होती. शिष्यानं तोच राजा मुकुटासकट सांगाडा करून खिडकीत उभा केला. ते काम तेव्हा झालंच नाही. तो गेल्यावर शंभर वर्षांनी, २००७ साली, फ्रान्सिस्कन चर्चच्या समोरच्या इमारतीत त्या काचा बसल्या. चौक ओलांडला की झालं!

शिवाय हा माणूस नाटककार. १९००च्या नोव्हेंबरात त्याच्या कवी मित्रानं, रिडेलनं, ब्रोनोवित्सेच्या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. लग्नघरी हा काळा कोट घालून दाराच्या चौकटीला टेकून नुसता बघत राहिला, असं सांगतात. पुढच्या मार्चमध्ये 'लग्न' याच नावाचं नाटक रंगमंचावर! पाहुण्यांनी स्वतःला ओळखलं, काहींना झोंबलं. आपल्याकडे असं झालं असतं तर मानपान काढत बसले असते लोक.

पण बाबा, तुम्हाला दाखवायचंय ते वेगळंच. १९०४-०५च्या हिवाळ्यात त्याची तब्येत ढासळली, बाहेर पडणं बंद झालं. मग त्यानं स्टुडिओच्या खिडकीतून दिसणारा देखावाच पुन्हापुन्हा काढला: रेल्वेचा रूळ, निष्पर्ण झाडं आणि लांबवर कोश्चुश्कोची टेकडी. कधी बर्फ, कधी चिखल, कधी नुसतं धुकं. सगळं पेस्टलमध्ये. यासिएन्स्की नावाच्या त्याच्या स्नेह्याकडे जपानी छापचित्रांचा मोठा संग्रह होता, त्यातलं काहीतरी या चित्रांत उतरलंय असं मला वाटतं. १९०७ मध्ये, अडतिसाव्या वर्षी तो गेला.

तोच जपानी संग्रह १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या क्राकुफात, एका तरुण पोरानं पाहिला. तो पुढे सिनेमावाला आंद्रेई वायदा झाला आणि १९८७च्या क्योटो पुरस्काराचे पैसे त्यानं नदीकाठी या संग्रहासाठी म्युझियम उभं करायला घातले. त्याच्या गॅलरीत कॉफी पीत समोरचा वावेल बघता येतो. गुडघे अजिबात लागत नाहीत.

आई, तुझ्यासाठी शिंबोर्स्का. नोबेल मिळालेली कवयित्री, पण मित्रांना पाठवायची पोस्टकार्डं मासिकांतली चित्रं कात्रीनं कापून, चिकटवून स्वतः करायची. घर इतकं छोटं की मित्र त्याला 'ड्रॉवर' म्हणायचे. जेवायला बोलावलं की नंतर लॉटरी काढायची आणि बक्षिसं मुद्दाम ओंगळ, भडक. अगदी तुझ्या भिशीत शोभावीत अशी. १९९६च्या नोबेलला तिचे मित्र 'स्टॉकहोमची शोकांतिका' म्हणायचे. लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून तू जी पाकिटं करतेस, त्यातली थोडी येताना आण. इथे ऑफिसात वाटीन.

बाबा, ऑपरेशनपासून तुम्ही एकही चित्र काढलेलं नाही, हे आईनं मला सांगितलंय. तिच्यावर चिडू नका. इथे माझ्या खिडकीतून ट्रामचा डेपो, दोन चेस्टनटची झाडं आणि समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसते. पेस्टलची पेटी आणि खडबडीत कागद आणून ठेवलाय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आम्हा पोरांना तासन्‌तास एकच सुरई काढायला बसवायचात, तेव्हा देखावा साधा आहे ही सबब मी ऐकणार नाही.

मे महिन्यात या. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून दोघांच्या पासपोर्टची मुदत आजच बघून कळवा. आईचा बहुतेक कपाटात वरच्या खणात, लॉकरच्या पावत्यांखाली आहे.

तुमची,
धाकटी